पोळ्यातली भोकं आणि मागचं रान

मधमाश्यांच्या पेटीतली पिलाव्याची, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष असलेल्या पोळ्याची, चौकट उजेडाकडे धरली की वसाहतीची तब्येत लगेच कळते. चांगल्या राणीचा पिलावा मधोमध सलग असतो, बदामी टोपणांनी झाकलेला. त्या दिवशी तात्यांनी माझ्या हातात दिलेल्या पोळ्याची चाळण झाली होती. टोपण घातलेल्या घराशेजारी रिकामं घर, त्याला लागून नुकतं घातलेलं अंडं, मग दोन टोपणं, पुन्हा भोक. मोजून पाहिलं तर पट्ट्यातली जवळजवळ निम्मी घरं अशी.

तात्यांची वाडी जावळी तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला. मी मधमाश्यांच्या जनुकांवर काम करते आणि त्यातही सातेरी, म्हणजे आपल्याकडची पेटीत पाळता येणारी देशी मधमाशी, ही माझी माशी. तात्यांच्या निरोपात एवढंच होतं : "माश्या कामाला जात्यात, पराग आणत्यात, पण पेटी काय भरत न्हाई. रोग आलाय का, येऊन बघा ताई."

भीती रास्त होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूनं दक्षिण भारतातल्या सातेरीचा फडशा पाडला होता. पेट्याच्या पेट्या ओस पडल्या, आणि जुने मधपाळ आजही अळी मेलेली दिसली की हबकतात. त्या रोगात अळी कोषात न जाता मरते, कातडीखाली पाणी साचतं आणि चिमट्यानं उचलली की पाण्यानं भरलेली पिशवीच वर येते. मी एकेक टोपण उचलून पाहिलं. आतले कोष पांढरेशुभ्र, निरोगी. मोठ्या अळ्या तुकतुकीत, नीट वळलेल्या. वास नाही. पोळ्याच्या कडेला पराग आणि मध दोन्ही होतं, म्हणजे उपासमारही नाही.

"राणी म्हातारी झाली आसंल," तात्या म्हणाले.

तसंही नव्हतं. भिंग लावून पाहिलं तर अंड्यांचा पट्टा सलग होता, प्रत्येक घरात एक, बरोबर तळाच्या मधोमध. राणी चोख काम करत होती. अंडी सगळीकडे, पण एक-दोन दिवसांच्या अळ्यांच्या पट्ट्यात मात्र भोकंच भोकं. जे काही होत होतं ते अंडं उबल्यानंतर आणि अळी मोठी होण्याच्या आत. मला शंका होती, पण ती मी पोळ्यावर प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती.

एका चौकटीची काचेची पेटी मी बरोबर नेली होती. उबायच्या बेताला आलेल्या अंड्यांची चौकट माश्यांसकट तिच्यात ठेवली, पडवीतल्या सावलीत मांडली आणि काचेवर पेनानं घरांच्या खुणा केल्या. काकू पीठ मळता मळता उठून येऊन बघत होत्या. दुपार कलली तेव्हा ते दिसलं. एक दाई माशी, म्हणजे अळ्यांना भरवणारी कामकरी, एका खुणेच्या घरात डोकं घालून थांबली. मागे सरली, मिशा आत फिरवल्या, पुन्हा आत शिरली आणि बराच वेळ तशीच राहिली. ती बाजूला झाली तेव्हा घर रिकामं होतं, तळ चाटून साफ. मघाशी तिथं जेमतेम दिसणारी अळी होती. शेजारच्याच घरातल्या, दिसायला अगदी तशाच अळीला मात्र दुसरी माशी चारा भरवत होती.

काकूंनी विचारलं, "म्हंजे आई पोरं खातीया?"

"आई नाही काकू. बहिणी. भावांना खातायत."

मधमाशीत नराला बाप नसतो. राणीनं फळवलं नाही त्या अंड्यातून नर होतो, फळवलेल्या अंड्यातून मादी. पण फळवलं की मादीच होते असं नाही. लिंग ठरवणारं एक जनुक आहे, सीएसडी, जे २००३ मध्ये जर्मनीत मार्टिन बाय यांच्या गटानं शोधलं. आईकडून आलेला त्याचा प्रकार आणि बापाकडून आलेला प्रकार वेगळे असतील तरच मादी होते. दोन्ही एकच निघाले तर फळवलेल्या अंड्यातूनही नर तयार होतो, आणि असा नर वसाहतीच्या काही कामाचा नसतो. दाया त्याला अळी असतानाच ओळखतात आणि खातात. पोलंडच्या येझी वोयके यांनी १९६३ मध्ये हे युरोपी माशीत दाखवून दिलं. मला यात क्रौर्य दिसत नाही. वाया जाणारा चारा वेळीच परत मिळवायची ही फार जुनी आणि फार हुशार व्यवस्था आहे.

आता खरा प्रश्न. राणी उंच हवेत जाऊन डझनभर किंवा त्याहून जास्त नरांशी संग करते. त्यातल्या एखाद्याचा प्रकार तिच्याशी जुळला तर थोडी अंडी वाया जातात, पोळ्यावर ते जाणवतही नाही. राणीत या जनुकाचे दोन प्रकार असतात, नरात एकच, त्यामुळे नर जुळला तरी त्याची निम्मीच अंडी वाया जातात. म्हणजे निम्मं पोळं रिकामं पडायचं तर तिला भेटलेले जवळजवळ सगळेच नर तिच्याशी जुळणारे हवेत. एवढे सख्खे नर आले कुठून?

"तात्या, या सगळ्या पेट्या आणल्या कुठून?"

सगळ्या एकाच ठिकाणच्या. सुरुवातीला दोन मिळाल्या, पुढं तात्यांनी आणि शेजाऱ्यांनी एकीच्या दोन, दोनाच्या चार केल्या. तरीही मला उत्तर मिळालं नव्हतं, कारण राणी पेट्यांपुरती बांधलेली नसते. आजूबाजूच्या ढोल्यांतल्या, वारुळांतल्या रानसातेरीचे नर त्याच हवेत येतात. रान भरलेलं असेल तर दोन पेट्यांपासून वाढवलेल्या माश्यांनाही परके नर मिळतात. या राणीला ते मिळाले नव्हते. माझ्या हातातलं पोळं मागच्या रानाविषयी सांगत होतं.

उन्हं उतरल्यावर आम्ही वर चढलो. तात्यांना प्रत्येक ढोली ठाऊक होती. हिरड्याची ही, पोरगा असताना इथून मध काढला. जांभळीची ती, वणव्यात आतून जळाली. एक आंबा रस्त्यासाठी गेला. वारूळ होतं, माश्या नव्हत्या. तात्या थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आमी धूर देऊन अख्खं पोळं काढायचो. ती परत बसतील आसंच वाटायचं."

हवामान बदललं म्हणून माश्या गेल्या, असं एका वाक्यात सांगायला मी तयार नाही. पण हवामान या भोकांत शिरून बसलं आहे हे नक्की. जांभूळ आणि हिरडा फुलायच्या दिवसांत वळीव झोडपतो आणि मोहोर झडतो. उकाडा वाढला की पिलावा ३५ अंशांच्या आसपास राखण्यासाठी माश्या मधाऐवजी पाणी वाहतात. चारा कमी पडला की सातेरी घर सोडून जाते, हा तिचा स्वभावच. अशा आखूड हंगामात पूर्ण पिलाव्याची वसाहत कशीबशी सावरते. निम्मा पिलावा बहिणींच्या पोटात जाणाऱ्या वसाहतीला ती सवड मिळत नाही.

उत्क्रांतीनं यावर उपाय ठेवलेला आहे. या जनुकाचा प्रकार जितका विरळा, तितका फायद्याचा, कारण तो सहसा कुणाशी जुळत नाही. म्हणून विरळे प्रकार आपोआप पसरतात. युरोपी माशीत जगभर असे शंभराहून अधिक प्रकार सापडले आहेत. ऑस्ट्रेलियात केर्न्स इथं २००७ साली एका नौकेच्या डोलकाठीत सातेरीच्याच जातीचं पोळं सापडलं. तिथं पसरलेल्या सगळ्या माश्यांत या जनुकाचे सातच प्रकार होते. सुरुवातीला काही फार, काही अगदी थोडे. पुढच्या काही वर्षांत निवडीनं ते जवळजवळ समान केले आणि माश्या तगल्या. पण तिथं वसाहती झपाट्यानं वाढत होत्या. वाडीतल्या मोजक्या पेट्यांत विरळा प्रकार पसरायच्या आत एखाद्या राणीबरोबर संपूनही जातो.

निघताना प्रत्येक पेटीतल्या कामकरी माश्या मी अल्कोहोलमध्ये घेतल्या. प्रयोगशाळेत सगळ्या पेट्या मिळून प्रकार निघाले ते चारच. प्रकार चार आणि सारख्या प्रमाणात असले तरी सरासरी पाव अंडी वाया जाणारच, आणि इथं त्यातले दोनच बहुतेक माश्यांत होते.

नर तयार व्हायच्या हंगामाआधी तात्यांनी सोळशीच्या खोऱ्यातून दोन दणकट वसाहती आणल्या, लांबच्या मुलखातल्या नाहीत, याच डोंगररांगेतल्या. त्या हंगामात निपजलेल्या नव्या राण्यांचा पिलावा सलग उतरला. तो आंबा होता त्याच्या वरच्या अंगाला वाडीतल्या पोरांनी उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढली. रानाच्या कडेला दोन पेट्या अशा ठेवल्या आहेत की त्यांचा मध काढायचा नाही आणि घर फुटून माश्या उडाल्या तर अडवायच्या नाहीत. शेजाऱ्यांना हे पटायला वेळ लागला, कारण उडालेली वसाहत म्हणजे बुडालेले पैसे असा हिशोब असतो. तात्या त्यांना जांभळीच्या जळक्या ढोलीपाशी नेऊन समजावतात. पुढच्या वेळी मी त्या ढोल्यांमधून नमुने घेणार आहे, तिथं कुणी येऊन बसलं असेल तर.