नाव नीट दिसावं म्हणून: सांगलीतून आमची वाटचाल

विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत आमचं काम चालतं. हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी, निर्यातदार, सीए यांचा जुना मेल साठवून तो झटकन शोधता यावा, यासाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. सुरुवातीला सगळा भर वेगावर होता. पण मार्केट यार्डातल्या अडत्यांची तक्रार वेगळीच निघाली: मेल सापडतो, पण तो लिहिलाय कुणी, हे उघडल्याशिवाय कळत नाही. तेव्हापासून आमचं निम्मं लक्ष नावांवर आहे.

एका सौद्यात दलाल, शीतगृहवाले, वाहतूकदार, खरेदीदार असे सगळेच उत्तराला उत्तर देत जातात. शोधाच्या निकालात मात्र या सगळ्या संभाषणाची एकच ओळ दिसते आणि तिच्यात तीन-चार नावांपुरती जागा. तिथं आधी बोललेल्यांची नावं यायची आणि आपण शोधलेला ‘कंटेनर’ हा शब्द ज्यानं लिहिला, तोच बाहेर राहायचा. नॉटमच या मेल शोधण्याच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये यावर छान तोडगा आहे. ज्यांच्या मेलमध्ये शब्द सापडला त्यांची नावं आधी, मग उभी रेघ, मग बाकीचे. आम्ही तीच पद्धत घेतली.

जागा वाचवायला नावातला पहिला शब्द तेवढा ठेवायचा, ही सर्रास रीत. आपल्या भागात आडनाव आधी लिहिणारे पुष्कळ, त्यामुळं ओळीत पाटील, पाटील, पाटील! म्हणून एकाच ओळीत दोन पाटील आले, की आम्ही दोघांचीही पूर्ण नावं दाखवतो.

सगळ्यात जास्त मेहनत देवनागरी नावांनी घेतली. १९८२ च्या नियमांनुसार मेलच्या शीर्षभागात (पाठवणारा, विषय वगैरे) फक्त साधी इंग्रजी अक्षरं चालायची. इतर लिप्यांतली नावं १९९६ च्या आरएफसी २०४७ या इंटरनेटच्या नियमपत्रकाप्रमाणे संकेतात बांधून पाठवतात आणि त्यातल्या एका तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा असते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट (साठवणीची एककं) घेतं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. बेस-६४ मध्ये, म्हणजे हे बाइट साध्या इंग्रजी अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, बांधल्यावर तुकड्यात देवनागरीची जेमतेम १५ चिन्हं मावतात. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहिलं, की बहुतेक वेळा दुसरा तुकडा लागतोच. तुकडा अक्षराच्या मधोमध तोडू नये, असा नियम आहे. काही यंत्रणा तो पाळत नाहीत आणि चांगल्या ‘कुलकर्णी’त चौकोन उमटतात. आम्ही लगतच्या तुकड्यांचे बाइट आधी जोडतो, मगच अक्षरं वाचतो. नाव आखूड करतानाही जोडाक्षर फोडत नाही. स्वतःचं नाव लंगड्या अक्षरांत पाहायला कुणालाच आवडत नाही.

मेलमधलं नाव पाठवणारा हवं ते लिहू शकतो, ही बाब व्यापाऱ्यांना आम्ही आवर्जून सांगतो. ओळखीचं नाव अनोळखी पत्त्यावरून आलं, तर निकालात नावाशेजारी पूर्ण पत्ता ठळक दिसतो. बँकेचं खातं बदललंय, पैसे नव्या खात्यावर टाका, अशा मेलच्या वेळी तर तो दिसायलाच हवा. सध्या एकाच माणसाचं मराठीतलं आणि इंग्रजीतलं नाव एकत्र आणायचं काम हातात आहे. पत्ता एकच असला तर जमतं. दोन पत्ते असले, तर गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय आम्ही नावं जोडत नाही.