हरीण आणि एल्कसाठी गोळी दोन संध्याकाळीत ठरली, हातात पडायला पाच आठवडे लागले

शिकारीच्या रायफलसाठी कोणती गोळी घ्यायची हे ठरवायला मला दोन संध्याकाळ पुरल्या. तीच गोळी दुकानाच्या काउंटरवरून घरी आणायला पाच आठवडे गेले. अजून आठवलं की डोकं तापतं. इथे कॅलिफोर्नियाच्या बे एरियात ओळखीतले दोघंतिघं यंदा हंटिंग लायसन्स काढतायत, त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

माझी रायफल थर्टी-ऑट-सिक्स नावाच्या काडतुसाची. ते काडतूस १९०६ सालचं, पण आजही कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतं. ऑगस्टमध्ये इथे कॅलिफोर्नियात ब्लॅकटेल हरीण आणि ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडोत एल्क (हरणाचाच खूप मोठा भाऊबंद), दोन्हीला एकच गोळी हवी होती. गोळी बदलली की नेम बदलतो, मग परत रेंजवर जा, परत स्कोप (नेम धरायची दुर्बीण) फिरवा. पण ब्लॅकटेल नर असतो पन्नास-साठ किलोचा आणि एल्कचा नर तीनशेच्या वर, खांद्याचं हाडही तसंच दणकट. कोलोरॅडोचा नियम एल्कला कमीत कमी ८५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), लागल्यावर फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ताकद असा आहे, त्यात थर्टी-ऑट-सिक्स आरामात बसते.

सगळे म्हणायचे एल्कला १८० ग्रेनच घे. १८० ग्रेन म्हणजे आपला जुना, ११.६६ ग्रॅमचा एक तोळा, बरोब्बर! पण तो सल्ला शिशाच्या गोळीचा आहे. शिसं आत गेल्यावर तुटतं, वजन गळतं, म्हणून सुरुवातीलाच जड घ्यायची. आणि कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. कारण काँडोर गिधाडं. शिकारी आतडी तिथेच टाकून जातात, त्यात शिशाचे कण असतात, ती खाऊन गिधाडं मरतात. १९८२ साली जगात फक्त २२ कॅलिफोर्निया काँडोर उरले होते. मला हा नियम पटतो, आणि ते मांस माझी पोरं खाणार आहेत हेही आहेच. म्हणून सबंध तांब्याची गोळी. ती पाकळ्यांसारखी उलगडते आणि वजन जवळपास सगळं टिकवते, त्यामुळे १६५ ग्रेन पुरते. फक्त वेग कमी पडला तर नीट उलगडत नाही, म्हणून मी २५० यार्डांपलीकडे मारायचं नाही असं ठरवून टाकलं. झालं, निवड संपली.

आता काउंटर. इथे काडतुसं घेताना प्रत्येक वेळी सरकारी चेक होतो, म्हणजे तुम्हाला ती घ्यायला बंदी नाही ना हे नोंदींत बघतात. तुमच्या नावावर बंदूक नोंदलेली असेल तर साधा चेक, माझ्या वेळी त्याला १ डॉलर लागायचा आणि काही मिनिटांत व्हायचा. मी दोन डबे उचलले, ड्रायव्हिंग लायसन्स दिलं, काउंटरवरच्या माणसाने टाइप केलं आणि म्हणाला, रिजेक्टेड. का? माहीत नाही. मागे रांग, सगळे माझ्याकडे बघतायत, जणू मी काहीतरी गुन्हा करून आलोय. ग्रीन कार्ड आहे, बंदूक रीतसर घेतलेली, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालेला. पुढच्या शनिवारी परत गेलो, परत तेच. तिसऱ्यांदा दुसऱ्या दुकानात चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून गेलो, तिथेही तेच, पण तिथल्या बाईंनी एक नंबर लिहून दिला आणि सांगितलं की हा राज्याच्या साइटवर टाका, कारण दिसेल. हा नंबर पहिल्या दिवशीच द्यायला काय झालं होतं? तीन शनिवार गेले माझे.

कारण काय, तर पत्ता. बंदूक घेतली तेव्हा आम्ही फ्रीमाँटला राहायचो, मग डब्लिनला घर बदललं, लायसन्सवर नवा पत्ता आला, पण बंदुकीच्या नोंदीत जुनाच. लायसन्स आणि नोंद जुळली नाही की चेक फेल, विषय संपला. तीच साइट उघडून पत्ता बदलायचा अर्ज केला आणि वाट बघत बसलो. दुसरा चेक आहे, १९ डॉलरचा, त्याला ही नोंद लागत नाही पण काही दिवस लागतात. मला कुणी सांगितलाच नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी केला असता. तोपर्यंत हरणाचा सीझन उघडला, पहिले दोन वीकेंड मी घरी बसून काढले आणि ज्याच्याबरोबर जाणार होतो तो एकटा जाऊन आला.

कोलोरॅडोत गेल्यावर का नाही घेतल्या, असं बायकोनेही विचारलं. रायफल इथेच झिरो करायची (म्हणजे स्कोपचा नेम गोळीशी जुळवायचा) होती, त्याच काडतुसांनी, आणि बाहेरच्या राज्यात घेतलेली काडतुसं कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाने थेट इथे आणायची नाहीत.

हो, एच-वन-बीवाल्यांनो, फेडरल कायद्याने तुम्हाला नुसती बंदूक नाही, काडतूस बाळगायलाही बंदी आहे. हंटिंग लायसन्स हा त्यातला अपवाद आहे, तेव्हा लायसन्स आधी काढा आणि शंका असेल तर वकिलाला विचारा.

शेवटी मिळाल्या. रेंजवर पहिले तीन बार अडीच इंचांत पसरले, पोटात गोळा आला. मग नळीतला जुना तांब्याचा थर सॉल्व्हंटने घासघासून काढला (हे आधीच करा, गोळीला दोष देण्याआधी), आणि पुढचे तीन सव्वा इंचात. १०० यार्डांवर दोन इंच वर ठेवलं की २०० वर बरोब्बर मध्यात लागते.

हरीण त्या वर्षी मिळालं नाही. ऑक्टोबरमध्ये एल्क मिळाला, १६० यार्डांवर, आडवा उभा. गोळी बरगड्यांतून आरपार गेली, तो तीस-चाळीस पावलं चालला आणि बसला. गोळी मी बर्फात बराच वेळ शोधली, मला त्या पाकळ्या बघायच्या होत्या. सापडली नाही. मांस डिसेंबरपर्यंत पुरलं, काळ्या मसाल्यात फार छान लागतं, पण कुकरला मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या.