दीडची वायर

धडगावच्या वर सातपुड्यातला पाडा. घरं एकेका टेकडीवर, खांब-तारा ओढणं परवडत नाही, म्हणून सोलर चार्जिंगचं एकच केंद्र: ७५ वॅटची १२ पॅनेल, प्रत्येकाला वेगळा कंट्रोलर (चार्जिंगचं नियंत्रण करणारा डबा), एका कंट्रोलरवर १२ व्होल्ट ४० एएचची (अँपिअर-तासांची) एकच ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी. लोक सकाळी खांद्यावरून आणतात, संध्याकाळी नेतात. तक्रार अशी की तीन रात्री पुरणारी बॅटरी पहिल्याच रात्री बसते. आधीच्या दोन्ही अहवालांत कारण लिहिलंय, ‘ग्राहकाचा अतिवापर’. दुसऱ्यावर सही माझी आहे.

त्या वेळी बॅटरी सोडवल्या सोडवल्या मीटर लावला, १३ व्होल्ट दिसले, हिरवा दिवा होताच. पण चार्जिंगवरून नुकत्या उतरवलेल्या बॅटरीचं व्होल्टेज फुगलेलंच असतं. या खेपेला तासभर थांबलो. १२.२, म्हणजे जेमतेम निम्मी भरलेली. हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या ॲसिडची घनता तपासली: १.१९० च्या आगेमागे, पूर्ण भरल्यावर हवी १.२४०. एखादाच सेल पडला असता तर दोष बॅटरीचा. सगळे सारखेच अर्धवट, म्हणजे चार्जिंगच अपुरं.

भर दुपारी चार्जिंग चालू असताना दोन टोकांना मोजलं. कंट्रोलरच्या टर्मिनलवर १४.४, बॅटरीच्या पोस्टवर (वायर जोडायच्या खुंटांवर) १३.३.

कंट्रोलर पाहुण्यांच्या फोटोत यावेत म्हणून दर्शनी भिंतीवर लावलेले. बॅटऱ्या मागच्या खोलीत, ९ मीटरवर. मधे घरगुती फिटिंगची दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर. जाऊन-येऊन १८ मीटर, साधारण ०.२२ ओहम, ४.२ अँपिअरला ०.९ व्होल्ट तिथेच गेले. उरलेले बॅटरीला लावायच्या चिमट्यांवरच्या हिरव्या गंजाने खाल्ले. कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलवरचे १४.४ बघून बॅटरी भरत आल्याचं समजतो आणि करंट तोडू लागतो. करंट उतरला की वायरीतली घटही उतरते, बॅटरी सावकाश भरत राहते. पण तोवर ऊन कलतं आणि माणूस बॅटरी न्यायला दारात. रोज अशी अर्धपोटी गेली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं.

कंट्रोलर उचलून रॅकपाशी आणले, बॅटरीपर्यंत दीड मीटर सहाची केबल, चिमट्यांऐवजी लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) आणि नट-बोल्ट. लांब अंतर पॅनेलच्या बाजूला टाकलं, कारण तिथे १७ व्होल्ट असतात, थोडी घट सोसते. तिथेही दीडची चालत नाही: मे महिन्यात पॅनेल तापलं की ते १७ चे १५ होतात. शिवाय निम्मी उतरलेली बॅटरी ४ अँपिअरने एका दिवसात जेमतेम भरते, म्हणून आता ती दोन दिवस ठेवून घेतात. हा हिशोब मुळात आराखड्यातच हवा होता.

अकरापैकी सात बॅटऱ्या १५.५ व्होल्टच्या इक्वलायझिंगने (सल्फेट सोडवायला मुद्दाम जास्त व्होल्टेजवर केलेल्या चार्जिंगने) सावरल्या. चार गेल्या. त्यांतल्या दोन घरांकडून ‘अतिवापरा’पोटी अनामत कापून घेतली होती. ती परत द्यावी म्हणून मी लिहून दिलंय; पैसे कुठल्या हेडखाली टाकायचे, या शेऱ्यावर फाइल अडली आहे.