डब्ल्यूचा आर

दुसऱ्याच्या पुस्तकात चूक सापडली की मला जरा लाज वाटावी इतका आनंद होतो. पूर्वी तो समासात पेन्सिलीने खूण केली की संपायचा. पॉल मॅकेनी यांच्या समांतर प्रोग्रामिंगवरच्या, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं करणाऱ्या कोडवरच्या, पुस्तकाने मात्र मला बिघडवलं. पुस्तकाचा सगळा मजकूर लाटेक या पानं मांडायच्या भाषेत, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटवर उघडा ठेवलेला. चूक दिसली तर स्वतः सुधारा आणि पॅच, म्हणजे नेमका केलेला बदल, पाठवा. खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि आपलं नाव, लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पाठवताना लिहितात तसंच. माझा पहिला पॅच एका स्वल्पविरामाचा होता, पण खाली नाव लिहिताना सातबाऱ्यावर चढल्यासारखं वाटलं.

बहुतेक चुका किरकोळच. ओळ संपताना एक ‘द’, पुढची सुरू होताना पुन्हा ‘द’. डोळा त्यावरून सहज घसरतो, कारण तो अर्थाच्या मागे धावत असतो. म्हणून मी असली पानं परिच्छेदाच्या शेवटाकडून उलटी वाचतो. घरचे विचारत नाहीत आता.

भीती वाटते ती कोडमधल्या अक्षरांची. कर्नलमध्ये मेमरीतल्या लेखनांचा क्रम राखणाऱ्या सूचनेच्या, म्हणजे बॅरियरच्या, नावात ‘डब्ल्यूएमबी’ असतं, वाचनांचा क्रम राखणाऱ्याच्या नावात ‘आरएमबी’. फरक एका अक्षराचा. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला म्हणतात, तसा इथे डब्ल्यूचा आर झाला तर कुणाला पत्ताही लागत नाही. इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरवर हे दोन्ही बॅरियर फक्त कंपायलरला, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याला, आवरतात, प्रोसेसरला वेगळं काही सांगावं लागत नाही. त्यामुळे आपल्या लॅपटॉपवर चुकीचं कोडही महिनोन्महिने शहाण्यासारखं चालतं. मग ते एआरएम प्रोसेसरच्या, म्हणजे क्रमाबाबत सैल असलेल्या, एखाद्या मशीनवर जातं आणि तिथे कधीतरी, तेही पुन्हा करून दाखवता येणार नाही अशा बेताने, कोसळतं. त्यामुळे कोडमधलं अक्षर बदलताना मी आधी चहा पितो.

एकदा मी स्वल्पविराम घातला त्याच वाक्याचे कुणीतरी आदल्या दिवशी तुकडे करून दोन वाक्यं केली होती. माझा पॅच लागेना. पुस्तकात शिकवलेली रेस, म्हणजे दोघांनी एकाच वेळी एकाच गोष्टीला हात घालणं, मी पुस्तकातच हरलो. अर्थात दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या वाटा, कुलपाशिवाय एकच काउंटर वाढवायला गेले की एकाची भर गुपचूप बुडू शकते. गिट निदान भांडतं तरी.

मॅकेनींचं नाव ज्या आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) या पद्धतीशी जोडलेलं आहे, ती २००२ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आली. त्यात वाचणाऱ्याला कुणी अडवत नाही. लिहिणारा वेगळी प्रत काढतो, तिच्यात बदल करतो आणि पॉइंटर, म्हणजे प्रत कुठे आहे ते दाखवणारी खूण, तिच्याकडे वळवतो. जुनी प्रत मात्र लगेच टाकत नाही. ती वाचत बसलेला शेवटचा माणूस उठेपर्यंत थांबतो. या थांबण्याला ग्रेस पिरियड म्हणतात.

आमच्या ऑफिसातल्या एका मित्राकडे या पुस्तकाचा जुना प्रिंटआउट आहे, स्पायरल बाइंडिंग केलेला, दोन जाड भागांत. माझा स्वल्पविराम त्यात नाही. नवी पीडीएफ मी त्याला तीनदा पाठवली. “हे वाचून होऊ दे,” म्हणतो. गेली दोन वर्षं तो काउंटिंगच्याच प्रकरणात आहे.