ओरखड्यांची जागा

तारा बदलायला गिटार मांडीवर घेतली होती. जुन्या तारा उतरवून झाल्या आणि खिडकीतून आलेल्या तिरक्या उन्हात केसाएवढी एक रेघ दिसली. नेकजवळच्या (गिटारच्या मानेजवळच्या) स्क्रूपासून निघून थेट पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकाच्या, कोपऱ्यापर्यंत गेलेली. नखाने चाचपली तर कड लागली. पिकगार्डला, म्हणजे तारांखालच्या लाकडावर बसवलेल्या प्लास्टिकच्या पातळ पाटीला, तडा गेला होता. आवाजात याने काडीचाही फरक पडत नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी नव्या तारांचं पाकीट तसंच राहिलं आणि मी स्क्रूड्रायव्हर शोधायला उठले.

तारा नसल्या की गार्डवरचं बरंच काही वाचता येतं. पहिल्या तारेच्या खालच्या अंगाला पिकने, म्हणजे तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने, ओढलेल्या बारीक रेघांचा एक पट्टा आहे. सगळ्या रेघा किंचित एकाच बाजूला वळलेल्या, कारण मनगट तसं वळतं. व्हॉल्यूमच्या नॉबच्या अलीकडे मात्र एक गुळगुळीत ठिपका आहे, आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा जास्त चकाकणारा. तिथे माझी करंगळी टेकते. ती टेकवू नये असं प्रत्येक शिकवणारा सांगतो. मी ऐकते, करंगळी ऐकत नाही. वरच्या हॉर्नकडचा, म्हणजे शिंगासारख्या टोकाकडचा, भाग मात्र कोरा करकरीत, तिकडे हात जातच नाही. म्हणजे निम्मा गार्ड राबतो आणि निम्मा नुसता मिरवतो.

राबतो म्हणजे लाकडाच्या वाटचे ओरखडे स्वतः खातो. हे काम किती खरं आहे ते अमेरिकन गायक विली नेल्सनच्या ‘ट्रिगर’ नावाच्या गिटारकडे बघून कळतं. मार्टिन कंपनीची एन-20, 1969 ची, नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार. क्लासिकल गिटार बोटांनी वाजवायची, म्हणून तिला पिकगार्ड नसतो. नेल्सनने ती पिकने वाजवली, वर्षानुवर्षं वाजवली, आणि साउंडहोलशेजारी लाकडाला दुसरं भोक पडलं. फ्लमेंकोवाले जास्त हुशार. त्यांना गिटारच्या अंगावर नखांनी ताल धरायचाच असतो, म्हणून ते आधीच गोल्पेआदोर नावाची प्लास्टिकची पातळ पट्टी चिकटवून मोकळे होतात.

इलेक्ट्रिकला खरं तर याची एवढी गरज नसावी. माझी गिटार स्ट्रॅटोकास्टर या फेंडर कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारच्या घाटाची आहे, हेडस्टॉकवरचं नाव केव्हाच पुसलं गेलंय. या घाटात गार्डवर दुसरीच जबाबदारी येऊन पडली आहे. तीन पिकअप, तीन पॉट (नॉबांखालची आवाज कमीजास्त करणारी बटणं), स्विच, सगळं त्याच्याच पोटाला टांगलेलं. स्क्रू काढून तो उचलला की अख्खी गिटार हातात येते आणि खाली नुसतं लाकूड उरतं. जॅककडे जाणाऱ्या वायरी आणि मागच्या स्प्रिंगांकडे जाणारी अर्थची वायर, एवढंच काय ते दोघांमधलं नातं. साध्या तड्यापायी हे सगळं उकलायचं, आणि उकलायची खाज तर होतीच.

इलेक्ट्रिक गिटार मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती आतेभावाची. काळी, काळ्या गार्डची, आणि गार्डवर कारखान्यातून आलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा तसाच. दादाने तो काढलाच नव्हता. ‘राहू दे, चरे पडतात,’ म्हणायचा. चरे पडू नयेत म्हणून लावलेल्या वस्तूला चरे पडू नयेत म्हणून ठेवलेला पापुद्रा! त्याच्या कडा सुटून वर आल्या होत्या, खाली धुळीची करडी किनार जमली होती, नॉबांभोवती बुडबुडे होते. दादा वाजवायला बसला की माझं लक्ष गाण्याकडे नसायचंच. ते त्या सुटलेल्या कोपऱ्याकडे. नखं नुसती शिवशिवायची. ‘हात मागे घे गं,’ दादा मान वर न करता म्हणायचा.

मग त्याने ती गिटार विकायला काढली. घ्यायला आलेल्या मुलाने ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि बोलता बोलता तो कोपरा चिमटीत धरून सर्रकन ओढला. आमच्यादेखत. खालून लखलखीत काळा गार्ड निघाला. ‘अरेच्चा, मला वाटायचं याचा रंगच निळसर आहे,’ दादा म्हणाला. मुलाने पापुद्रा चुरगळून दादाच्याच हातात ठेवला. त्या मुलाचा मला आलेला राग अजून गेलेला नाही. तो कोपरा माझा होता.

असो. तयार गार्ड ढिगाने मिळतात, हे खरं. पण 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिचा गार्ड एका थराचा होता आणि आठ स्क्रूंवर बसायचा. 1959 मध्ये तो तीन थरांचा झाला, स्क्रू अकरा झाले. त्यानंतर जगभर ज्या त्या कंपनीने आपापल्या डोळ्यांनी नक्कल केली, कुणी इंचात, कुणी मिलिमीटरमध्ये. मी मागवलेल्या गार्डवर ‘स्टँडर्ड’ असं छापलेलं होतं. नेकची खाच जुळवली की ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली जिथे अडकतात तिथे, फट दिसायची, ब्रिज जुळवला की भोकं लाकडातल्या भोकांशेजारी येऊन थांबायची. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातल्यागत. बटणं लागतात, पण खांदे उतरतात. नवी भोकं पाडून घ्यावीत हा सोपा मार्ग. पण एका भोकाला चिकटून दुसरं पाडलं की दोन्ही स्क्रू फिरत राहतात, पकडत नाहीत. आणि उगाच लाकूड कोचायचं माझ्या जिवावर येतं.

मग स्वतःच बनवायचं ठरलं. जुना गार्ड एमडीएफवर ठेवून पेन्सिलने गिरवायचा, साचा थोडा मोठा कापायचा आणि रेघेपर्यंत कानशीने घासत यायचं. या घासण्यात दुपारच्या दुपार जाते आणि ती गेल्याचं वाईट वाटत नाही. साच्यात जी खोच राहील ती गार्डमध्ये हुबेहूब उतरते, कारण राउटरच्या, म्हणजे कडा कापणाऱ्या यंत्राच्या, पात्यावरचं बेअरिंग साच्याच्या कडेवरूनच धावतं, त्याला स्वतःचं डोकं नसतं. लेझरवर कापणं जास्त झटपट, पण शीट कसली आहे ते आधी बघावं लागतं. अॅक्रिलिक चालतं. पीव्हीसी असेल तर आम्लाचा धूर निघतो, मशीन गंजतं आणि माणसाची छातीही भरते. शिवाय लेझरची कड सरळसोट येते. तीन थरांच्या गार्डची सगळी मजा त्या 45 अंशांत उतरलेल्या कडेत असते. पांढऱ्या-पांढऱ्यामध्ये दिसणारी ती काळी रेघ नसेल, तर तीन थर हवेत कशाला?

भोकांची युक्ती मला फार आवडते. छोट्या स्क्रूंची डोकी कापून टाकायची, कापलेल्या टोकांना धार लावायची आणि ते लाकडातल्या जुन्या भोकांत अशा बेताने बसवायचे की टोकं जेमतेम वर डोकावतील. वरून नवा गार्ड नेक आणि ब्रिजशी जुळवून ठेवायचा आणि तळव्याने दाबायचा. उलटून पाहिलं की पाठीवर बारीक टोचे उमटलेले असतात. मोजायचं काही नाही, लाकूडच सांगतं कुठे पाड. उलट्या बाजूने पाडायचं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं. स्क्रूच्या डोक्यासाठी खोलगट वाटी मात्र पुढूनच.

रंगाचा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नव्हता. ‘मिंट’ म्हणून एक हिरवट पांढरा हल्ली सगळ्यांना हवा असतो. त्या 1959 नंतरच्या तीन थरांच्या गार्डांत सेल्युलॉइड होतं, म्हणजे जुन्या सिनेमाच्या रिळांचंच भावंड. त्यात कापूर घातलेला असतो. ते आकसतं, स्क्रूपाशी तडकतं, भुरकन पेट घेतं आणि वयाबरोबर पिवळट-हिरवट होतं. त्या म्हातारपणाची छटा आता नव्या प्लास्टिकमध्ये पहिल्या दिवसापासून मिसळून देतात. त्याच्याही पुढे जाऊन कारखान्यातच ओरखडे पाडलेले गार्ड मिळतात. ते मला अजिबात सहन होत नाहीत. कुणाच्या तरी करंगळीची खोटी जागा मी माझ्या गिटारवर कशाला लावू? त्यापेक्षा पिंक फ्लॉइड बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर बरा. त्याने काळ्या स्ट्रॅटवरचा पांढरा गार्ड 1974 मध्ये काढला आणि काळा बसवला. 2019 मध्ये ती गिटार लिलावात 39,75,000 डॉलरला गेली. त्यात त्या काळ्या प्लास्टिकचे किती, हा हिशेब कुणी मांडलेला दिसत नाही.

मी शेवटी पांढरा-काळा-पांढराच घेतला. शीटवर अर्थात पापुद्रा होता. सगळं कापून, घासून, वायरी परत लावून झाल्यावर तो मी एका दमात ओढला. मग अॅम्प लावला, गार्डवर बोट फिरवलं, तर चट्‌चट्‌ आवाज. पापुद्रा ओढताना प्लास्टिकवर स्थिर वीज चढते आणि बोट लागलं की पिकअप ती ऐकवतात. पुन्हा सगळे स्क्रू काढले, खालून अॅल्युमिनियमची फॉइल लावली, अर्थला जोडली. आता गप्प आहे.

दिसायला छान दिसतो. एवढा छान की शेजारी नॉब पिवळे पडलेले दिसायला लागले आहेत आणि पिकअपची कव्हरं त्याहून पिवळी. ती बदलावी लागणार. या गिटारला मागच्या बाजूलाही प्लास्टिकचं एक झाकण येतं, स्प्रिंगांवरचं. तारा ओवताना आड येतं म्हणून बहुतेक जण ते काढून ठेवतात. मीही ठेवलंय. कुठल्या खणात ते आठवत नाही.