कानच्या लघुपट पुरस्काराचा इतिहास मांडताना

आमच्या फिल्म सोसायटीच्या अभ्यासवर्गात फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवातील लघुपटांच्या सर्वोच्च पुरस्काराचा, म्हणजे लघुपटासाठीच्या पाम द'ओरचा, इतिहास मांडायचे ठरले, तेव्हा मी महोत्सवाच्या अधिकृत नोंदींवरून वर्षवार तक्ता करायला घेतला. आरंभ कोठून धरावा हे आधी ठरवावे लागले, कारण महोत्सव १९४६ पासून भरत असला आणि लघुपटांना पूर्वीही पारितोषिके मिळत असली, तरी पाम द'ओर देण्यास सुरुवात झाली ती १९५५ मध्ये. त्या वर्षी नॉर्मन मॅक्लारेन यांच्या 'ब्लिंकिटी ब्लँक'चा गौरव झाला. फिल्मवर थेट ओरखडे काढून घडवलेला तो लघुपट जेमतेम पाच मिनिटांचा आहे.

प्रत्येक नावापुढे लांबी लिहीत गेल्यावर या इतिहासातला खरा बदल दिसू लागला. १९५६ चा विजेता, अल्बेर लामोरिस यांचा 'द रेड बलून', सुमारे ३४ मिनिटांचा आहे, तर १९६२ मध्ये निवडला गेलेला रोबेर आंरिको यांचा अँब्रोज बिअर्स यांच्या कथेवरील लघुपट अर्ध्या तासाच्या आसपास जातो. आजच्या स्पर्धेत श्रेयनामावलीसह १५ मिनिटांहून मोठा लघुपट स्वीकारला जात नाही, म्हणजे हे दोन्ही प्रवेशालाही पात्र ठरले नसते. याची मला मनापासून खंत वाटते, कारण पॅरिसच्या मेनिलमाँताँ भागात मुलामागून हिंडणाऱ्या त्या फुग्याला जी सवड मिळाली आहे, ती कापली तर चित्रपटाचा प्राणच जाईल. अर्थात, १९८६ मध्ये गौरवलेला जेन कॅम्पियन यांचा 'पील' नऊ मिनिटांतच एका कुटुंबातील हट्ट आणि चीड पूर्णपणे उभी करतो. १९९३ मध्ये 'द पियानो'साठी त्यांना मुख्य पाम द'ओरही विभागून मिळाला आणि दोन्ही सन्मान मिळवणाऱ्या त्या एकमेव दिग्दर्शक ठरल्या.

रिकाम्या वर्षांचीही नोंद आवश्यक होती. १९६८ मध्ये फ्रान्समधील आंदोलनामुळे महोत्सव मध्येच थांबला आणि पारितोषिके दिली गेली नाहीत. २०२० मध्येही रिकामी जागाच असेल असे मी गृहीत धरले नाही, हे बरे झाले; महासाथीमुळे मे महिन्यातील महोत्सव रद्द झाला, तरी ऑक्टोबरमधील छोट्या सोहळ्यात इजिप्तच्या सामेह अला यांच्या लघुपटाला पाम द'ओर देण्यात आला, आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटांची स्पर्धाच नसल्याने त्या वर्षीचा तो एकमेव पाम द'ओर होता.