बंब, चिंच आणि दोन पानी निवेदन

सोमवार

भाचीने प्रदर्शनातल्या आपल्या कामाबद्दल लिहिलेलं निवेदन वाचलं. दोन पानं, ओळीला ओळ लागून. कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. वार्षिक प्रदर्शनात सगळे चित्रं नाहीतर शिल्पं मांडणार, ही परफॉर्मन्स करणार. माझ्या आजीचा, अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब कॉलेजच्या आवारात ठेवायचा आणि सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत एकटीने घासत बसायचं. बोलायचं नाही, कुणाकडे बघायचं नाही. मला ही कल्पना फोनवर ऐकली तेव्हाच आवडली होती. बंब आमच्याच माळ्यावर आहे, जुन्या नाशकातला वाडा सुटला तेव्हा फ्लॅटवर आणलेला, तेव्हापासून पोत्यात गुंडाळलेला.

आणि मग हे निवेदन. पहिल्याच वाक्यात ‘देहस्मृतीचं अवकाशीय विखंडन’. पुढे ‘श्रमाच्या अदृश्य इतिहासाशी चाललेला मूक संवाद’. बंब कुठे आहे हे शोधत मी दुसऱ्या पानावर पोचले. तिथे तो एकदाचा सापडला, तोही ‘वारसा लाभलेली धातूची वस्तू’ असा.

फोन लावला. म्हटलं, “अगं, यात चिंच कुठंय?”

“मावशी, निवेदनात चिंच नसते.”

“मग घासणार कशाने, विखंडनाने?”

हसली, पण लागलं तिला. सर म्हणाले होते म्हणे, संकल्पना नीट मांड. मांडली तिने बिचारीने.

मी प्रकाशयोजना करणारी बाई. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्यांना परशुराम साईखेडकर नाट्यगृहात शिडीवर चढून दिवे टांगण्यात उमेद गेली. आमच्याकडे बोलणं असं असतं: तिने पत्र खाली ठेवलं की दोन नंबरचा दिवा हळूहळू उतरव, चार तसाच राहू दे, आठ मोजून अंधार. पत्रात काय आहे आणि ती का रडते, हे दिग्दर्शक आणि नटी बघून घेतील. तेव्हा या भांडणात माझा कल कुठे असणार हे उघड आहे. तरी रात्री बसून, जे या कलेत मोठे मानले जातात ते स्वतःच्या कामाबद्दल नेमकं काय आणि कसं बोलतात ते वाचत गेले. तिला खोडून काढायचं तर हातात काहीतरी हवं.

तेचिंग श्ये या माणसावर अडकले. तैवानमधून न्यूयॉर्कला आलेला, कागदपत्रं नसलेला. 11 एप्रिल 1980 ते 11 एप्रिल 1981, वर्षभर, दर तासाला एकदा, कारखान्यात कामगार हजेरीचं कार्ड पंच करतात तसं त्याने स्वतःच्या खोलीतल्या घड्याळात कार्ड पंच केलं. दिवसा, रात्री, दर तासाला. सुरुवातीला डोकं तुळतुळीत केलं. प्रत्येक पंचाबरोबर फिल्मची एकच चौकट टिपली. सगळ्या चौकटी जोडल्यावर वर्ष साधारण सहा मिनिटांत संपतं आणि त्यात केस खांद्यापर्यंत वाढत जाताना दिसतात.

आता याचं निवेदन बघा. मी अमुक करणार, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत करणार. खाली सही. झालं! भाडेकराराला याहून जास्त विशेषणं असतात. आणि शेवटी हिशेब: वर्षात 8,760 तास, त्यातले 133 हुकले. तेही लपवले नाहीत, उलट फोड करून दिली. झोप लागली म्हणून 94, उशीर झाला म्हणून 29, वेळेआधीच पंच झाला म्हणून 10. मला तर हे 94 वाचून पोटात कालवलं. ज्याला एका वर्षात एकदाही सलग झोप मिळाली नाही त्या माणसाबद्दल आणखी काय सांगायला हवं? ‘श्रम’ हा शब्द त्याने काढलेला नाही.

ख्रिस बर्डन या अमेरिकन कलाकाराचंही तसंच. 1971 मध्ये कॅलिफोर्नियात एका मित्राकडून त्याने स्वतःच्या दंडावर गोळी झाडून घेतली. (हे मी भाचीच्या आईला सांगितलेलं नाही.) त्याबद्दल त्याने जे लिहिलं ते जेमतेम दोन-तीन वाक्यांचं: किती वाजता, कोणत्या हाताला, मित्र किती फुटांवर उभा होता, गोळी कोणती. गोळीवर तांब्याचं वेष्टण होतं, हेही लिहिलंय. पोलीस पंचनाम्यात असतं तेवढंच. काम मला अजिबात आवडत नाही, उगाच जिवावरचा खेळ वाटतो. पण लिहिणं निर्दोष आहे.

बुधवार

आज तालीम. ‘तालीम’ म्हटलेलं तिला चालत नाही, तिच्या मते परफॉर्मन्सची तालीम नसते. बरं, चाचणी म्हणू. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बंब उतरवला. दोघींना उचलवेना, वॉचमनने हात लावला. पोतं काढलं तर बाहेरून काळपट तपकिरी, तोटीपाशी हिरवं चढलेलं, आणि मधल्या नळीत अजून कोळशाची काजळी. आजीच्या हयातीतली असणार.

चिंच रात्री भिजत घातली होती, त्यात जाडं मीठ, आणि घासायला नारळाची शेंडी. पहिला हात फिरला तिथे तांबं एकदम गुलाबी उघडलं. बोट फिरवलं तेवढाच पट्टा. मला वाटलं होतं हळूहळू उजळेल, तसं नाही, झटकन उघडतं आणि पाणी तसंच वाळू दिलं की पुन्हा डाग धरतं. म्हणजे खालचा भाग घासेपर्यंत वरचा मंदावायला लागणार. हे तिला आधी माहीत नव्हतं. तासाभराने तिची बोटं सुरकुतली, नखांच्या कडा काळ्याहिरव्या झाल्या, अंगठ्याजवळ जिथे शेंडी घासत होती तिथे चिंच झोंबायला लागली. तिने हात बदलला. डाव्या हाताने घासताना तिची बसण्याची पद्धतच बदलली, एक गुडघा वर आला. शेजारच्या वाड्यातल्या बायका भांडी घासताना तशाच बसायच्या. आपोआप आलं ते.

आणि मग खरी गंमत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन आल्या. थांबल्या. “काय गं, पितांबरी नाही का मिळाली?” हिचं उत्तर नाही, नजर नाही. काकू माझ्याकडे वळल्या, “बरं नाहीये का तिला?” मी म्हटलं, कॉलेजचं आहे. “मग गोल गोल नको घासू, उभं घास.” तरी उत्तर नाही. काकूंनी भाजीची पिशवी स्कूटरला अडकवली, खाली बसल्या, तिच्या हातातली शेंडी काढून घेतली आणि उभं घासून दाखवलं. चांगली पाच मिनिटं. घासता घासता आपल्या सासूच्या बंबाची हकीकत सांगितली, तो भांडी बाजारात मोडीत घातल्याचं सांगताना गप्प झाल्या, आणि हात धुऊन वर निघून गेल्या.

भाची वैतागली. “सगळं मोडलं.”

मला तर तेवढाच भाग परफॉर्मन्स वाटला. मग मी तिला याच कलेतल्या मरीना अब्रामोविचची आठवण दिली, तीच जास्त जाणते म्हणा. 1974, नेपल्स. टेबलावर 72 वस्तू मांडलेल्या, गुलाब, मध यांच्यापासून थेट पिस्तूल आणि गोळीपर्यंत. सूचना अशी की यातलं काहीही माझ्यावर वापरा, सहा तास मी वस्तू आहे, जबाबदारी माझी. लोक आधी लाजले, मग कपडे फाडले, काटे टोचले, आणि एकाने पिस्तूल उचललं. त्याच्याही दहा वर्षं आधी योको ओनो क्योटोमध्ये कात्री समोर ठेवून बसली होती, एकेकाने या आणि माझ्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा कापून न्या म्हणून. त्या दोघींनी प्रेक्षकाला काय मुभा आहे ते आधी ठरवलं होतं. हिने फक्त स्वतः काय करणार एवढंच ठरवलंय, समोरच्याचं काहीच नाही. आणि समोरचा माणूस नाशिकचा आहे. तो हातात पिस्तूल घेणार नाही, तो शेंडी घेणार. रविवार कारंजावर कुणाची स्कूटर सुरू होत नसेल तर चार जण किका मारून बघतात, मालकाला न विचारता. अशा गावात सात तास समोर बसून घासायचं आणि कुणी शिकवायला येऊ नये ही अपेक्षाच चुकीची आहे.

“मग येणाऱ्याला घासू द्यायचं का?” तिने विचारलं. हा पहिला कामाचा प्रश्न. देखावा चांगला झाला की वाईट, हे त्यावर ठरणार आहे, विखंडनावर नाही.

शुक्रवार

आज ती स्वतः आली, कांदेपोहे संपवून माझ्याशी भांडली. तिचं म्हणणं मी थोडक्यात लिहून ठेवते, कारण त्यात दम होता.

मी तिला बोहाड्याचं, म्हणजे मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवण्याच्या गावच्या उत्सवाचं, उदाहरण दिलं होतं. आमच्या नाटकांचे सेट बांधणारा एक सुतार सुरगाण्याकडचा आहे, गावच्या बोहाड्यात सोंग नाचवतो. मी त्याला विचारलं होतं, सोंग घेतलं की काय वाटतं? म्हणाला, मुखवटा जड असतो, आतून समोरचं नीट दिसत नाही, संबळाकडे कान लावून पाय टाकायचे. मानेला फडकं आधी बांधायचं, नाहीतर सकाळी मान वळत नाही. बस. मी म्हटलं, बघ, देव अंगावर घेणारा माणूस फडक्याबद्दल बोलतो.

भाची म्हणाली, “त्याला परवडतं, मावशी. त्या घराकडे ते सोंग पिढ्यान्‌पिढ्या आहे. गावातल्या पोरालाही माहीत असतं तो कोण झालाय आणि का. आपल्या इथे धुळवडीला पूर्वजांच्या नावाचे वीर नाचवत रामकुंडावर नेतात, तेव्हा वाटेत कुणी निवेदन मागतं का? सगळी गल्लीच त्या वीराचं निवेदन आहे. माझ्यामागे कोण आहे? मी आवारात बंब घासत बसले तर लोकांना काकूंसारखंच वाटणार, हिला बरं नाही. मला कुणी सांगितलेलं नाही हे करायला, नवस नाही, मान नाही. म्हणून मला बोलावं लागतं.”

मग तिने रुमाना हुसैन या परफॉर्मन्स करणाऱ्या कलाकाराचं काम काढलं. 1995, मुंबईतलं एनसीपीए हे कलाकेंद्र. पायात घुंगरू, हातात मधोमध कापलेली पपई, तोंड वासलेलं आणि आवाज नाही, अशा त्या चालत राहिल्या. “तुझ्या हिशेबाने काय लिहायचं? ‘एक बाई, एक पपई’? 92-93 च्या दंगलींची मुंबई तिच्या डोक्यात नसती तर त्या उघड्या तोंडाला काय अर्थ?”

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. तेचिंग श्येचं घड्याळ जगातल्या कुठल्याही कामगाराला कळतं, त्याचं कोरडं बोलणं म्हणून पुरतं. रुमानांच्या पपईला मागचं माहीत असणारा माणूस लागतो. तरी मी एवढं म्हटलं की तिथेही पपई ही पपईच आहे, ‘फलस्वरूप देह’ नाही. मागचं सांगायचं तर साल सांग, गाव सांग, काय घडलं ते सांग. कुणी, कुठे, कधी हे सोडून नुसतं ‘स्मृती’ म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही. हे तिला अर्धं पटलं. अर्धं पटणं म्हणजे आमच्या घराण्यात पुष्कळ झालं.

एक गोष्ट मात्र मला तिच्या जमातीबद्दल आता जास्त कळते. निखिल चोप्राने 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये नऊ दिवस मुक्काम ठोकून वेश बदलत, मोठाली चित्रं काढत परफॉर्मन्स केला. एवढ्या काळात नट पडद्याआड जाऊन ‘मी’ होऊन येतो, चहा पितो. याला आडोसाच नाही. आमच्या नटाला विचारलं तर तो भूमिकेबद्दल बोलेल, लेखकाबद्दल बोलेल, सापडला तर प्रकाशयोजनेला नावं ठेवेल. परफॉर्मन्सवाल्याकडे ढकलायला कुणीच नसतं. लेखक तोच, नट तोच, सामानही तोच. मग त्यातले काही घाबरून मोठमोठे शब्द पांघरतात आणि काही नियम तेवढा सांगून गप्प बसतात. अब्रामोविचबाई तिसरा रस्ता काढतात, नेपल्सची हकीकत इतक्यांदा सांगून झालीय की ती आता लोककथेसारखी घोटीव झाली आहे. त्यांना ती शोभतेही.

शेवटी दोघींनी मिळून लिहिलं ते असं:

‘हा बंब माझ्या पणजीच्या घरातला आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यात अकरा माणसांचं अंघोळीचं पाणी यात तापायचं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मी तो चिंच, मीठ आणि नारळाच्या शेंडीने घासेन. बोलणार नाही. दुसरी शेंडी बाजूला ठेवली आहे. ज्यांना घासायचं असेल त्यांनी बसावं. गॅस आल्यावर या बंबाची गरज संपली, घासणाऱ्या बायकांचं काय झालं ते मला माहीत नाही.’

शेवटचं वाक्य तिचं. माझ्या मते ते काढायला हवं, वरचं सगळं तेच सांगतंय. तिने काढलं नाही. ठीक आहे, काम तिचं आहे.

दुसरी शेंडी ही माझी भर, हे इथे नोंदवून ठेवते. काकूंना निरोप गेलाय, त्या मैत्रिणीला घेऊन येणार म्हणतायत. चिंच किलोभर लागेल, उद्या आणते. पाण्याचं अजून ठरत नाही. घासायला बादली आहेच, पण तिने स्वतः मधे प्यायचं की नाही? ती म्हणते सात तास काहीच नाही. बाहेर ऊन मी म्हणतंय, आवारात एक झाड नाही. मी सांगितलंय, न पिण्याचा नियम करायचा तर तो निवेदनात लिही, नाहीतर दुपारी एकला मी तांब्या घेऊन येणार, आणि तेव्हा मीही प्रेक्षकच असेन, मला कुणी अडवायचं नाही.